एका प्रतिपदेचे दोन वेश

भाद्रपद शुद्ध प्रतिपदेच्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील अनेक जैन घरांत मुलांची दुहेरी धांदल असते. आदल्या दिवशी, पिठोरी अमावास्येला, शेतकऱ्यांचा पोळा होऊन गेलेला असतो आणि प्रतिपदेला मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदीबैल सजवून, वेशभूषा करून मुले मैदानावर जातात, मग घरोघरी फिरून बोजारा गोळा करतात. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर जिल्ह्याबाहेरही ओळखला जातो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत साधारणतः याच दिवशी, पर्युषणाच्या पाचव्या दिवशी, कल्पसूत्रातील भगवान महावीरांचे जन्मवाचन असते. चौदा स्वप्ने उतरविली जातात, पाळणा झुलविला जातो आणि पुष्कळ ठिकाणी मुले-मुली त्रिशलामाता, सिद्धार्थ राजा, प्रियंवदा दासी, इंद्र-इंद्राणी यांचे वेश धारण करतात. दुपारी इंद्र झालेला मुलगा संध्याकाळी धोतर-बंडीतला शेतकरी होऊन बैलाची दोरी धरतो. दिगंबर घरांतील दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होते. पंचकल्याणक महोत्सवातील इंद्र-इंद्राणींची सजावट आणि सोळा स्वप्नांचे दृश्य त्यांच्याही परिचयाचे असते.

या दोन्ही वेशांसाठी आज बहुतेक घरांतून धाव घेतली जाते ती तयार पोशाखाच्या दुकानाकडे. तिथे मिळतो पॉलिस्टरचा चमकदार अंगरखा, प्लॅस्टिकच्या टिकल्यांचा शेला, सोनेरी कागद चिकटवलेला थर्माकोलचा मुकुट. किंमत फार नसते, वेळ वाचतो, आणि छायाचित्रात सारे उठून दिसते. दुसऱ्या दिवशी तो पोशाख माळ्यावर जातो. पुढच्या भाद्रपदात मुलाची उंची वाढलेली असते, मुकुटाचा एक कोपरा तुटलेला असतो, आणि मग दिवाळीच्या साफसफाईत सारे गाठोडे कचऱ्याच्या गाडीत पडते.

पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून बनलेले प्लॅस्टिकच होय. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू गळतात, पाण्याबरोबर वाहतात आणि नाहीसे होत नाहीत. चमकीचे कण तर अंगणातून नालीत, नालीतून नदीत सहज पोहोचतात. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी मुकुटाच्या रूपाने तो अजून सणावारी डोक्यावर बसलेला दिसतो. शिवाय एक धोका घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आरती आणि मंगलदीव्याच्या वेळी लहान मुले दिव्यांच्या अगदी जवळ उभी असतात. कृत्रिम कापडाला ज्योत लागली तर ते वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेट घेते, म्हणून वेश कोणताही असो, लोंबता शेला कमरेला खोचलेलाच बरा. पण वितळलेल्या कापडाची जखम अधिक खोल असते.

मग पर्यावरणाला अनुकूल पोशाख कोणता? याचे प्रचलित उत्तर ‘नैसर्गिक ते सर्व चांगले’ असे आहे. जैन घरात हे उत्तर पुरत नाही. निसर्गातून आलेली प्रत्येक वस्तू अहिंसक असतेच असे नाही, आणि भगवंताच्या जन्माच्या प्रसंगी मुलाच्या अंगावर काय घालावे हे ठरविताना ही बाब बाजूला ठेवता येत नाही.

पहिला प्रश्न रेशमाचा. प्लॅस्टिक नको म्हटले की अनेकांच्या मनात रेशीम येते. ते टिकाऊ आहे, मातीत मिसळणारे आहे, पूजेसाठी पवित्र मानले गेलेले आहे. भंडारा-गडचिरोली भागातील कोसा तर विदर्भाचे भूषणच. परंतु रेशमाचा अखंड धागा मिळविण्यासाठी कोश सामान्यतः आतल्या जिवासह उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात. एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून काढलेले सूत मिळते, पण ते खरोखर तसेच आहे याची खात्री गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून कशी करायची, हा प्रश्न उरतोच. घरातल्या आजीच्या जुन्या रेशमी साडीचे काय, यावर कुटुंबाकुटुंबांत मतभेद आहेत. जे आहे ते फेकणे हाही अपव्यय, असे काही म्हणतात. पूजेच्या जागी ते नकोच, असे काही. तान्ह्या पोळ्याच्या राजाला त्या साडीचा शेला चालावा. जन्मवाचनाच्या प्रसंगी मात्र सुती वस्त्रच शोभते, कारण तिथे मुलगा केवळ सजत नाही, काहीतरी शिकतही असतो.

दुसरा प्रश्न लाल रंगाचा, आणि तो अधिक बारीक आहे. वनस्पतिजन्य रंगांच्या बरोबरीने बाजारात जे ‘नैसर्गिक’ रंग मिळतात, त्यांत लाखेचा लाल आणि कोचिनीलचा किरमिजी हेही असतात. लाख हा कीटकाचा स्राव आहे आणि तिचा रंग त्या कीटकाच्याच शरीरातून येतो. कोचिनील तर वाळविलेल्या कीटकांची पूडच. श्रावकाच्या आचारात याची जाणीव फार जुनी आहे. उपासकदशांग सूत्रात सातव्या व्रताच्या संदर्भात जी पंधरा कर्मादाने, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे व्यवसाय, सांगितले आहेत त्यांत लाक्षावाणिज्य स्पष्टपणे येते. जनावरांचे अवयव छेदण्या-डागण्याचे निर्लांछनकर्मही त्याच यादीत आहे, हे पोळ्याच्या दिवसांत आठवावे असे आहे. त्याच आगमातील आनंद श्रावकाने आपल्या वस्त्रांची मर्यादा बांधताना क्षौम वस्त्रांची, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंपासून विणलेल्या साध्या वस्त्रांची, एक जोडी ठेवून बाकीचे सोडून दिले. तो श्रीमंत गृहस्थ होता. त्याची मर्यादा गरजेपोटी आलेली नव्हती.

हीच चिकित्सा पुढे नेली तर आणखी काही वस्तू गळतात. मुकुट चिकटविण्यासाठी वापरला जाणारा पारंपरिक सरस हा हाडे व कातडी उकळून बनतो. बाटिकच्या कापडात मधमाशांचे मेण असू शकते. श्रीकृष्णाच्या वेशासाठी मोरपीस लागते. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपोआप गाळलेल्या पिसांचीच असते, पण बाजारातल्या जुडीबद्दल तशी हमी कोण देणार? शिंपल्यातील मोत्याबाबतही हेच. चांदीच्या वर्खाविषयी समाजाने असे प्रश्न पूर्वीच विचारले आहेत, तेव्हा मुलांच्या पोशाखाविषयी ते विचारणे म्हणजे काही नवा काच नव्हे. उलट नैसर्गिक रंगांच्या पुस्तकांतून हमखास सुचविली जाणारी कांद्याची साले आणि बीट जैन स्वयंपाकघरात मुळातच नसतात. तिथे लागतो तो दुसराच रंगपट, आणि तो वर्धा जिल्ह्याच्या शेतांच्या धुऱ्यांवर उभा आहे.

फाल्गुनात पळस फुलतो. पाने गळून गेलेल्या फांद्या केशरी फुलांनी भरतात आणि दोन-तीन आठवड्यांत खाली सडा पडतो. झाडावरची फुले तोडण्याची गरजच नसते. सकाळी गळालेली फुले वेचून, किडा-मुंगी नीट पाहून, झटकून, सावलीत वाळवली की ती महिनोन्‌महिने टिकतात. (बोर अभयारण्यासारख्या संरक्षित वनातून काही उचलू नये, धुऱ्यावरच्या पळसालाही मालक असतो, त्याला विचारावे.) या फुलांपासून पिवळा ते केशरी रंग निघतो. गंमत अशी की लाखेचा कीटक ज्या झाडांवर वाढविला जातो त्यांत पळसही एक आहे. एकाच झाडाकडे दोन वाटा जातात: एक गळालेल्या फुलांची, दुसरी खरवडलेल्या लाखेची.

रंगविण्याची रीत कठीण नाही, पण क्रम पाळावा लागतो. सुती कापडाला रंग आपणहून धरत नाही. कापड प्रथम धुण्याच्या सोड्यात उकळून त्यावरची खळ व तेलकटपणा काढावा. अर्धा किलो कापडाला साधारण शंभर ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात ते काही तास भिजवावे, न धुता पिळून सुकवावे. मग सुमारे पाऊणशे ग्रॅम तुरटी विरघळविलेल्या कोमट पाण्यात बुडवावे. पळसाची वाळलेली फुले कापडाच्या वजनाइतकी घ्यावीत, गाळलेल्या पाण्यात उकळून तो काढा पुन्हा गाळावा आणि कापड त्यात तासभर मंद आचेवर हलवीत ठेवावे. डाळिंबाची वाळलेली साले वापरली तर अधिक टिकाऊ पिवळा मिळतो. हिरडा दिलेल्या कापडाला किंचित हिराकस लावला की राखाडी ते काळा रंग येतो. हिराकस चिमूटभरच, जास्त झाला तर सूत कमजोर होते, आणि त्याचे भांडे स्वयंपाकाला पुन्हा वापरायचे नाही. तपकिरी हवा असेल तर कात आहे. लाल रंगासाठी मंजिष्ठा सांगितली जाते, पण ती मुळी आहे, झाड उपटून मिळणारी. त्यापेक्षा घरातलेच एखादे जुने लाल सुती कापड शोधावे, हे उत्तम.

पळसाचा रंग उन्हात उतरतो, हे आधीच सांगितलेले बरे. तो पोशाख सावलीत वाळवावा, एरवी घडी करून ठेवावा, आणि दोन-तीन वर्षांनी फाल्गुनात पुन्हा रंगवावा. रासायनिक रंगाशी टिकाऊपणात त्याची बरोबरी करू पाहणाऱ्याची निराशाच होईल.

या कामाला चातुर्मासाचे बंधनही सोयीचे पडते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते, ओले कापड सुकत नाही, भिजवून ठेवलेल्या काढ्याला बुरशी धरते. म्हणून रंगाचे सारे काम वैशाखाच्या विदर्भी उन्हाळ्यात, दिवसाउजेडी उरकावे. जो पळस फाल्गुनात वेचला, त्याने घाईगर्दी केली तर चैत्र शुद्ध त्रयोदशीच्या जन्मकल्याणकाच्या वरघोड्यालाही कापड रंगते, आणि तेच भाद्रपदात पुन्हा अंगावर येते. आषाढात उरते ते फक्त सुई-दोऱ्याचे काम.

आता कापड कोणते? वर्ध्यात हा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटावा, इतके उत्तर जवळ आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत होते. ज्याला मगनलाल गांधींचे नाव दिले त्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. सेंद्रिय कापसाच्या, वनस्पतिजन्य रंगांच्या खादीचे काम आजही तिथे चालते. गोपुरीत विनोबांच्या प्रेरणेने उभे राहिलेले ग्रामसेवा मंडळ कापसापासून कापडापर्यंतच्या खादीसाठी ओळखले जाते. ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ १९४५ चा. निसर्गाकडून किती आणि कसे घ्यावे, हा त्याचा विषय. अशा गावात तान्ह्या पोळ्याच्या मैदानावर पॉलिस्टरचा पंचा नेसलेला गांधी उभा राहतो, हे पाहून त्या छोट्या स्पर्धकाला दोष देता येत नाही. खादी भांडार त्याच्या घरापासून फार तर दोन किलोमीटरवर असते.

कापूस म्हणजे निर्दोष, असे मात्र समजू नये. हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या बाजारात ज्यांच्या पिढ्या कापसाच्या व्यापारात गेल्या, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणीत मरणाऱ्या असंख्य जीवांची तर मोजदादच नाही. म्हणून नवे कापड घ्यायचे तर विषमुक्त कापसाचे. आणि त्याही आधी घरातल्या कपाटात पाहावे. जे कापड एकदा विणले गेले आहे त्यासाठी पुन्हा शेत फवारावे लागत नाही.

जैन घरात या दृष्टीने एक आयती सोय आहे. मूर्तिपूजक घरातील पुरुषाचे पूजेचे वस्त्र म्हणजे न शिवलेले धोतर आणि खेस. इंद्राचा, सिद्धार्थ राजाचा वेश याहून वेगळा नाही. जुन्या शिल्पांत आणि कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतील चित्रांत देव-राजे नेसलेले-पांघरलेलेच दिसतात. वडिलांसाठी घेतलेले साधे सुती धोतर दुहेरी दुमडून, कमरेला पट्टी बांधून आठ वर्षांच्या मुलाला नेसवता येते. केशरी रंगविलेला खेस खांद्यावर टाकला की इंद्र उभा राहतो. जन्मवाचन संपले की धोतर पुन्हा धोतर होते. पूजेचे वस्त्र वेगळे आणि शुद्ध ठेवण्याचा नियम ज्या घरात काटेकोर आहे, तिथे यासाठी एक निराळी जोडी ठेवावी, इतकेच. त्रिशलामातेची साडीही अशीच, आईची सुती नऊवारी किंवा सहावारी. कापलेला, शिवलेला, मुलाच्या मापाचा पोशाख वर्षभरात लहान होतो. अखंड वस्त्र मुलाबरोबर वाढते.

दागिने आणि मुकुट यांसाठी व्यापाऱ्याच्या दुकानासारखे भांडार नाही. कापडाच्या थानात गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या फळ्या मुकुटाला उत्तम. त्यावर हळदी-पळसाच्या रंगाचे कापड ताणून टाचावे आणि जीर्ण सुती साडीचा जरीकाठ कडेने शिवावा. चोपड्यांवरचे लाल कापड, गठ्ठ्याचे मांजरपाट, शिंप्याकडची कतरण हे सारे उपयोगी पडते. कतरणीच्या पट्ट्या गुंडाळून, टोकाला टाका घालून मणी होतात; करवंटीच्या घासलेल्या चकत्यांची बाजूबंदाला शोभा येते. जुन्या वह्यांचे कागदी मणीही सुरेख होतात, परंतु तिथे कोरी पानेच घ्यावीत. अक्षर असलेला कागद अंगावर, विशेषतः पायातल्या तोड्यात वापरणे म्हणजे ज्ञानाची आशातना, ही जाणीव घरातील वडीलधाऱ्यांना असतेच. धान्य आणि बियांच्या माळांचेही तसेच. रुजू शकणारे बी सचित्त, ते टाळावे. गुंजेचे लालचुटुक बी दिसायला सुंदर, पण ते विषारी आहे आणि लहान मुले सारे तोंडात घालतात. चिकटविण्यासाठी मैद्याची खळ करायची तर त्याच दिवशी करून संपवावी. रात्रभर ठेवलेली खळ पावसाळ्यात आंबते. खरे तर सुई-दोरा असताना खळीची गरज फारशी नाही.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हा या साऱ्यांचा वस्तुपाठ आहे. सुताराने एकदा केलेला चाकांचा बैल आजोबांकडून नातवाकडे येतो. कोणी दरवर्षी नवा घेत नाही. बदलते ती त्याची झूल आणि बाशिंग. तिथेही प्लॅस्टिकचे बेगड येऊ लागले आहे, ते टाळून जुन्या गोधडीच्या तुकड्याची झूल शिवली, कापडी गोंडे लावले, तर मुलालाही दोन टाके घालता येतात. चौदा स्वप्नांत दुसरे स्वप्न वृषभाचे आहे आणि प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचे लांछनही वृषभच. ज्या घरात दोन्ही कार्यक्रम असतात, तिथे दुपारी उपाश्रयाच्या सजावटीत पांढरी झूल पांघरून उभा राहिलेला बैल संध्याकाळी रंगीत झुलीसह मैदानावर जाऊ शकतो. बहिणीने एक झूल शिवावी, भावाने दुसरी.

राहता राहिला दुकानाचा प्रश्न, आणि तो अवघड आहे. ज्या कुटुंबांनी हा पोशाख वापरणे थांबवायचे, त्यांच्यापैकी काहींच्याच दुकानांत तो विकला जातो. श्रावण-भाद्रपदात त्याला उठाव असतो. ‘आम्ही नाही ठेवला तर शेजारचा ठेवील’ हे उत्तर खोटे नाही, पण हेच उत्तर लाक्षावाणिज्याच्या बाबतीतही देता आले असते. मधला मार्ग काही दुकानदारांना सुचण्यासारखा आहे: रंगीत सुती कटपिसांचे गठ्ठे, न शिवलेल्या धोतर-खेसाची लहान मुलांसाठीची जोडी, जरीकाठाची मीटरवर विक्री. शिवाय भाड्याने देण्याचा व्यवहार. सुती पोशाख वीस मुलांच्या अंगावर जाऊन येऊ शकतो, टिकल्यांचा पॉलिस्टर दोन धुण्यांत विस्कटतो. भाड्याच्या धंद्यात टिकाऊ मालातच नफा असतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको.

संघाच्या पातळीवर याहून सोपे काम होऊ शकते. उपाश्रयात, स्थानकात किंवा मंदिराच्या कोठीत एक मोठी पेटी ठेवायची. त्यात दहा-बारा अखंड वस्त्रे, चार मुकुट, कापडी अलंकार, दोन झुली. पेटीबरोबर एक वही, कोणी काय नेले आणि कधी परत केले याची. परतताना धुऊन, फाटले असल्यास रफू करून द्यायचे, हा एकच नियम. डांबराच्या गोळ्या घालायच्या नाहीत. सावलीत वाळविलेला कडुलिंबाचा पाला पुरतो, आणि महिन्यातून एकदा कपडे उघडून वारा द्यावा, म्हणजे किडीला तिथे घर करावेसेच वाटत नाही. वहीचे पहिले पान भरायला महिला मंडळाची एक दुपार लागेल. पळसाची फुले वेचायची असतील तर ती दुपार फाल्गुनातली असावी, आणि मुलांची शाळा सुटल्यानंतरची.